आईच्या फोनवरची नवी सिस्टीम

मंगळवार, मेहरूण

फोन नेमका कोणाचा, विकत घेणाऱ्याचा की बनवणाऱ्या कंपनीचा? रविवारी आईच्या फोनमधली कंपनीची सिस्टीम काढून मी कुठल्याच कंपनीच्या मालकीची नसलेली मुक्त सिस्टीम टाकली. जाहिराती गेल्या, पाळत गेली, फोन पळायला लागला. फक्त बँकेचं अ‍ॅप उघडेना. म्हणे, हे उपकरण सुरक्षित नाही.

आई बाजारात भरताची वांगी विकते. गिऱ्हाइकाने मोबाइलवरून पैसे पाठवले की अ‍ॅपमध्ये बघून मगच पिशवी देते. आज तिला बघताच येईना.

"फोन बेस शे, पन पैसा उना का नही, माले कसं समजी?"

शेजारची फळवाली अक्का म्हणाली, "तुनी पोर ग्रॅज्युएट शे ना, तिलेच इचार."

आई हसली. मला हसू आलं नाही.

सुरक्षित नाही म्हणे. पाळत गेल्यावर? वाद मी जिंकेनही, पण तोवर आईने वांगी कशाच्या भरवशावर द्यायची? आणि कंपनीची सिस्टीम परत टाकायला मन धजत नाही.

संध्याकाळी माझं सिम तिच्या फोनमध्ये घातलं. माझ्या फोनवर अजून कंपनीचीच सिस्टीम होती; त्यातलं माझं सगळं पुसून, तिचं सिम घालून, बँकेचं अ‍ॅप सुरू करून तो तिच्या हातात दिला.