शेवटची बोटभर रेकॉर्ड

बाबा,

तुमच्या सुनेला मशीनवर ठेवून आठवडा होऊन गेला. ज्या इस्पितळात ती लोकांना भूल देते, त्याच इस्पितळात ती आता स्वतः निजली आहे. आमच्या घरापासून ते चालत जाण्याच्या अंतरावर आहे, आणि मला आत सोडत नाहीत. या साथीत कोणालाच सोडत नाहीत. दुपारी एक नर्स फोन करते, कालच्यासारखीच आहे म्हणते, आणि मी तिचे आभार मानतो. आज फोन अजून आलेला नाही. आयर्लंडातला जानेवारी, बाहेर एव्हाना अंधारून आलंय. वेळेवर मजकूर द्यायचा, एवढं एक मला आयुष्यभर जमलं. नुसतं वाट पाहणं जमत नाही. म्हणून तुम्हाला लिहायला बसलो.

तुमची ती इटालियन ऑपेराची रेकॉर्ड टेबलावर आहे. सांगलीत दिवसा कचेरी आणि संध्याकाळी नाटक मंडळीत ऑर्गन, अशा तुमच्या दिवसांत कुठल्याशा जुन्या बाजारातून तुम्ही ती आणली होती. भाषा आपल्यापैकी कोणालाच येत नव्हती. आतलं इंग्रजी चोपडं डिक्शनरी घेऊन वाचून तुम्ही गोष्ट सांगितलीत. रोमन राज्यातला एक माणूस गुपचूप ख्रिस्ती होतो. पकडला जातो, सिंहांपुढे टाकायची शिक्षा होते. बायको तुरुंगात जाऊन विनवते, तो देव सोड आणि जीव वाचव. तो ऐकत नाही. मग तीच म्हणते, मीही येते तुझ्याबरोबर. आणि दोघं गायला लागतात. काय गातात ते! तुम्ही मांडीवर ठेका धरून बसलेले, डोळे मिटलेले, आणि त्यांना सिंहांकडे न्यायची तुतारी वाजली की नेमकी सुई उचलून पुन्हा मागे ठेवता. "वन्समोअर!" नाटकातल्या पदाला मिळतो तसा. स्वयंपाकघरातून आई ओरडते, "अहो, किती वेळा मारताय त्या दोघांना!" "मारतोय कुठे? थांबवतोय," तुम्ही म्हणता. शेवट लावा म्हणून मी हट्ट केला की एकच उत्तर असायचं, "पुढे घासलीय रेकॉर्ड." मी बरीच वर्षं समजत होतो की ते दोघं वाचले असणार.

ही गोष्ट तुम्ही तुमच्या सुनेलाही सांगितली होती. ती ऐकून ती हसली होती. गेल्या वर्षी साथ आली तेव्हा इथले लोक दारात उभे राहून दवाखान्यातल्या माणसांसाठी टाळ्या वाजवायचे. ती ड्यूटीवरून येऊन पायऱ्यांवर बसलेली, तोंडावर मास्कचे वळ. म्हणाली, "टाळ्या ऐकू आल्या की समजावं, सिंह जवळ आलेत. वन्समोअर म्हणून ओरडले नाहीत हे नशीब." नाताळानंतर लाट पुन्हा उसळली, तोच वन्समोअर. तिला दमा आहे. तिच्या वरिष्ठांनी स्वतःहून सांगितलं होतं, तू या वॉर्डात नको. मी इथेच, याच टेबलाशी, तिच्यापुढे अक्षरशः हात जोडले.

"तू देवसुद्धा मानत नाहीस. मग हे कशासाठी?"

"देवाचा काय संबंध? रोस्टरवर माणसं नाहीयेत."

"आणि आम्ही? मी आणि लेक?"

"तुम्ही दोघं घरी आहात. भात जास्त झालाय, सकाळी फोडणी दे."

बाबा, त्या गोष्टीतल्या बायकोचा मला हेवा वाटतो. तिचा त्या देवावर विश्वास बसला की नाही, कोण जाणे. पण तिला दार उघडं होतं. ती म्हणाली येते, आणि कोणी अडवलं नाही. मी इस्पितळाच्या दारापर्यंत जातो. तिथला रखवालदार ओळखीचा झालाय. "गो होम, यू पोर मॅन," तो हळूच म्हणतो, आणि मी परत येतो.

मशीनवर ठेवण्याआधी तिला फोनवर दाखवलं. धाप लागत होती. "नळी घालतील. मीच रोज घालते, मला माहितीय. लेकीला ओरडू नकोस. कांदे संपलेत." मी म्हटलं, "पुन्हा बोल ना." "काय?" "काहीही." ती किंचित हसली. "वन्समोअर नाही रे. दमलेय."

मगाशी लेकीने जुन्या वस्तूंच्या चॅरिटी शॉपातून आणलेल्या प्लेअरवर रेकॉर्ड लावली. मी शेजारी उभा. सगळी बाजू वाजून वाजून राखाडी पडलीय, आणि शेवटचा बोटभर भाग काळाभोर, कोरा, चकचकीत. एकही ओरखडा नाही. इतक्या वर्षांत तुम्ही तिथे सुई एकदाही टेकवली नव्हतीत. दोघं गायला लागली. लेक गोष्ट विचारत होती, मी सांगत होतो. तुतारी वाजली आणि माझा हात आपसूक पुढे गेला.

"डॅड! व्हाय डिड यू स्टॉप इट?" तिच्या त्या आयरिश हेलात ती म्हणाली. "व्हॉट हॅपन्स टू देम?"

मी सुई मागे नेऊन ठेवली आणि तिला सांगितलं, पुढे घासलीय रेकॉर्ड.