झोपलेल्या बाळाला उठवणारा मामा

प्रिय शेंडेफळ,

काल तुझ्या घरून मी चहा न घेताच उठलो, त्यामुळे तू गाल फुगवून बसली असशील हे सांगायला ज्योतिषी नको. गाढ झोपलेली तुझी लेक मी पाळण्यातून उचलून उठवली, तिने घर डोक्यावर घेतलं आणि तू म्हणालीस, दादा, तुला पोरांचं काही कळतं का? पंधरवड्याचीही नाही झाली ती, आणि मामाचं पहिलं दर्शन हे असं. वहिनी बघायलासुद्धा आली नाही, हेही तू ऐकवून घेतलंस. ऐकव, तुझा हक्कच आहे. लहानपणापासून तुझी बोलणी खाऊनच मी पोसलोय.

पण झोपलेलं मूल मला आता बघवत नाही. आमच्या ठकीला सर्दी झाली होती, ती दूध ओढत नव्हती, उलट्याही झाल्या. दुपारी एकदाची शांत झोपली. तुझ्या वहिनीने जिन्यातून खूण केली, म्हणून मी खाली दुकानात किल्ल्या कापायचं मशीन बंद केलं. गिऱ्हाइकाला हळू बोलायला सांगितलं. कितीतरी दिवसांनी आम्ही दोघं सावकाश जेवलो. त्याच झोपेत आमची लेक गेली. ताप डोक्यात गेला, असं तुला कळवलं. तुला तेव्हा सातवा लागला होता. वहिनी म्हणाली, ती दोन जिवांची आहे, तिच्या कानावर बाकी काही घालायचं नाही.

खरं कारण डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासून सांगितलं. पोट रिकामं राहिलं की शरीर साठवलेली चरबी वापरतं. ठकीच्या शरीराला ती वापरताच येत नव्हती. वेळेवर पोटात काही गेलं असतं, नाहीतर सलाईनमधून साखर, तर ती आज बसायला लागली असती. मी ते माझ्या धंद्यातून समजून घेतलं. या कामाच्या किल्ल्या प्रत्येकाकडे दोन असतात, एक आईची, एक बापाची. माझी एक चांगली, एक झिजलेली. वहिनीचंही तसंच. एका चांगल्या किल्लीवर आमचं भागत आलं, कळलंही नाही. ठकीच्या वाट्याला दोन्ही झिजलेल्या आल्या. बाई म्हणाल्या, यात कुणाची चूक नाही. मी मान डोलावली. बाबांनी मला शिकवलं होतं की झिजलेल्या किल्लीवरून दुसरी काढायची नाही. इथे आमच्या हातात काहीच नव्हतं.

माझी ती किल्ली आईबाबांपैकी एकाकडून आली, म्हणजे तुझ्याकडेही असू शकते. तुझ्या नवऱ्याकडेही असेल असं क्वचितच होतं, तुझी लेक ठणठणीत असण्याचीच शक्यता जास्त. शिवाय तुझ्या दवाखान्यात प्रत्येक नव्या बाळाची ही तपासणी करतात हे ठाऊक होतं, म्हणून मी निर्धास्त होतो. आणि काल तू कौतुकाने सांगितलंस, की नर्स टाच टोचायला आली होती, पण एवढ्याशा जिवाला कशाला, म्हणून तुम्ही तिला परत पाठवलं. टाचेतला तो रक्ताचा थेंब याच तपासणीसाठी असतो गं. ठकी झाली तिथे ती सोयच नव्हती. तिथल्या तिथे सांगायला हवं होतं, पण तोंड उघडलं असतं तर तुझ्यासमोर हमसून रडलो असतो. फोनवरही तेच झालं असतं.

हे पत्र तुझ्या हातात देणारी वहिनीच आहे. ठकी गेल्यापासून तिने कुठल्याच बाळाला हात लावलेला नाही, काल ती आली नाही ते त्यामुळेच. आज सकाळी तिला टाचेचं सांगितलं, तर हातातलं काम टाकून चपला घालून उभी राहिली. वाचून झालं की तिच्याबरोबर नीघ. निकाल येईपर्यंत लेकीला उपाशी झोपू देऊ नकोस, उठवून पाज. टोचताना ती रडेल, तुला बघवणार नाही. तू बाहेर थांब. वहिनी म्हणाली, मी धरते तिला.

तुझी आणखी बोलणी खायला तयार असलेला,
तुझाच दादा