डाव्या हाताची गारगोटी

बाभुळगाव,
१९ जानेवारी २०२५

प्रिय प्रेरणा,

आईकडून अनेक आशीर्वाद. या पाकिटावर मी 'चित्रं पाहून झाल्यावरच उघडणे' असं लिहिलं आहे. तू ते पाळलं असशील असं धरून लिहिते. पाळलं नसशील तर आता तरी हे कागद बाजूला ठेव, सोबतच्या नळीतून बाबांनी तुझ्या प्रबंधासाठी केलेली चित्रं काढून नीट पाहा आणि मग वाच.

कच्छचं उत्खननाचं शिबिर आटोपून तू पुण्याला सुखरूप पोचलीस हे कळून बरं वाटलं. इकडे थंडी बऱ्यापैकी आहे. कापसाची शेवटची वेचणी चालू आहे, तूर कापून झाली. संक्रांतीचं हळदीकुंकू यंदा मी केलं नाही, पण बायका आपणहून येऊन गेल्या. तिळगूळ नळीतच कोंबणार होते, तर बाबा म्हणाले, "मुंग्या लागतीन, चित्रं खराब होतीन." म्हणून तो मागाहून पाठवीन. तुझ्या उन्हाळ्यातल्या पिशव्या ज्या कपाटात आहेत, त्याच्या खाली मांजरीला पिल्लं झाली. पिशव्यांना धक्का लागलेला नाही. खापरांची आणि गारगोट्यांची प्रत्येक चिठ्ठी जागच्या जागी आहे.

मागे मी चित्रांचे फोटो पाठवले तेव्हा तू फोनवर विचारलं होतंस, की खापरांच्या चित्रांत बाबांच्या सावलीच्या रेघा उलट्या बाजूला का कलल्या आहेत. मी उत्तर दिलं नाही. शेतातली माणसं आली म्हणून फोन ठेवला. तुझी नजर इतकी बारीक झाली आहे याचा त्या दिवशी मला अभिमान वाटला, आणि भीतीही वाटली.

आता सांगते. त्या रेघा बाबांनी डाव्या हातानं काढल्या आहेत.

पोळा झाल्यावर आठवड्याभरात, सकाळी चहा पिताना त्यांच्या हातून कप सुटला. मी म्हटलं, चटका बसला असेल. त्यांनी काहीतरी उत्तर दिलं, ते मला कळलं नाही. वर पाहिलं तर त्यांचं तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. तांड्यावरच्या शंकरसिंगभाऊंची गाडी मिळाली, लगेच यवतमाळला नेलं. लकवा होता. जीव वाचला. पाय बराचसा परत आला, बोलणंही अडखळत का होईना परत आलं. उजवा हात आला नाही. डॉक्टर म्हणतात, थोडाफार येईल. पेन्सिल धरण्याइतका येईल असं मात्र ते म्हणत नाहीत.

तुला का कळवलं नाही? दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर त्यांच्या तोंडून निघालेले पहिले शब्द तेच होते. "पोरीले... नको." तुझं शिबिर ठरलेलं होतं आणि ते सोडून तू धावत येशील हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. म्हणून दाताचं काम चालू आहे, बाबांना बोलता येत नाही, असं मी सांगत राहिले. दिवाळीत आम्ही तुझ्या मामाकडे गेलो नव्हतो. घरीच होतो. तुला राग येईल, तो येऊ दे. पण हे पत्र मी त्यासाठी लिहायला घेतलेलं नाही.

ज्या माणसानं जन्मभर शाळेत पोरांचे हात धरून चित्रकला शिकवली, त्याचा हात मांडीवर नुसता ठेवल्यासारखा पडलेला मी रोज पाहत होते. ते भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. एकदा पेन्सिलींच्या डब्याकडे मान वळवून म्हणाले, "शाळेत... देऊन टाक." मी डबा धान्याच्या कोठीमागे ठेवला आणि दिला म्हणून सांगितलं. त्याच सुमारास तुझा निरोप आला, की बाबांना सवड नसेल तर उरलेली चित्रं पुण्यातल्या एका चित्रकाराकडून करून घेते. मी तो त्यांना वाचून दाखवला. त्यांनी डोळे मिटले. "घे म्हणा."

भेटायला येणारे पुष्कळ होते. सगळे बाबांकडे पाहायचे आणि बोलायचे माझ्याशी. जेवतात का, झोपतात का, समजतं का. शंकरसिंगभाऊ आले ते सरळ खाटेशी बसले आणि दुपट्ट्याच्या गाठीतून एक दगड काढला. त्यांच्या शेतातल्या ज्या पांढरीवर तू आणि बाबा उन्हाळाभर फिरलात, त्या राखट मातीच्या उंचवट्याजवळच तो सापडला होता.

"मास्तर, हरभरा पेरून राह्यलो होतो तं हे वर आलं. प्रेरणानं सांगतलं होतं, जागेवरून हालवू नका. पण बैल तुडवतीन म्हून उचललं. त्या जागी खुंटी ठोकून आलो. हे हत्यार हाय का नुसती गारगोटी, तुमी सांगा."

आणि सवयीनं त्यांनी तो दगड बाबांच्या उजव्या हातात ठेवला. तो बोटांवरून घरंगळला आणि फरशीवर पडला.

वाटलं, आता हा माणूस पुन्हा भिंतीकडे वळणार. पण बाबा आपल्या हाताकडे पाहतच नव्हते. खाली वाकून दगडाकडे पाहत होते.

"टवका... उडाला का?"

शंकरसिंगभाऊंनी दगड उचलला, उन्हात फिरवून पाहिला. "नाही उडाला." आणि या खेपेला तो डाव्या हातात ठेवला.

बाबांनी तो बोटांनी फिरवला. तुला सांगते, तो मधाच्या रंगाचा दगड आहे, एका कडेला धार आणि पाठीला एक खोलगट जागा. फिरवता फिरवता त्या खोलगट जागेत त्यांचा अंगठा जाऊन बसला, जसा काही तिथलाच होता. बाबा थांबले. परत काढला, परत बसवला. मग किती दिवसांनी मी त्यांच्या तोंडून एक पुरतं वाक्य ऐकलं. "डावखुरा होता तो."

"कोन?" शंकरसिंगभाऊंनी विचारलं.

"ज्यानं हे केलं, तो."

भाऊंनी आपल्या उजव्या हातात धरून पाहिला. धार भलतीकडे जायची. ते म्हणाले, "माही घरवाली हंसा डावखुरी हाय. उद्या तिले आणतो."

हंसाबाई दुसऱ्या दिवशी खरंच आल्या. "मायनं मले मारून मारून उजव्या हातानं जेवाले लावलं," त्या मला सांगत होत्या, "पण इळा अजून डाव्याच हातानं चालते." त्यांनी तो दगड घेतला, जराही न शोधता त्यांचा अंगठा त्या जागी गेला, आणि दाराशी पडलेली बाभळीची काडी उचलून त्या साल काढायलाच निघाल्या.

"घासू नको!" बाबा ओरडले.

इतकं स्वच्छ, की ओसरीवरची मांजर पळाली. नव्यानं घासलं की धारेवरच्या जुन्या खुणा जातात, हे तूच बाबांना शिकवलं आहेस. हंसाबाईंनी दगड घाईनं बाबांच्या मांडीवर ठेवला. भाऊ हसायला लागले, मग मी, आणि मग बाबा. त्यांचं हसू अजून एकाच बाजूनं येतं. मला ते आता तसंच आवडतं.

त्या दुपारी त्यांनी पेन्सिल मागितली. डबा शाळेत दिलाच नव्हता हे मी बोलले नाही, त्यांनीही विचारलं नाही.

पहिल्या रेघेला रेघ म्हणता आली नसती. जुन्या वर्तमानपत्रांवर नुसत्या आडव्या रेघा, मग उभ्या, मग गोल. पहिलीतल्या पोरांना ते जी करायला लावायचे, तीच उजळणी. एकदा पेन्सिल फेकली आणि दोन दिवस तिला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी मी भाकरी थापत होते तर आतून कागदाचा आवाज आला. मी भाकरी करपू दिली, पण उठून पाहायला गेले नाही.

उजेडाचा मोठा घोळ झाला. खिडकी डावीकडे, त्यामुळे त्यांच्याच हाताची सावली कागदावर पडायची. खाट फिरवली तर दगडावर उजेड उजवीकडून यायचा. ते म्हणाले, असं चालत नाही, हत्यारांच्या चित्रात उजेड डावीकडूनच दाखवतात, प्रेरणाचा नियम आहे. शेवटी मी भिंतीवरचा आरसा काढला आणि त्यांच्या डाव्या बाजूला बसून कवडसा दगडावर पाडला. तेव्हापासून सकाळी कामं आवरली की मी आरसा धरून बसते. ऊन सरकलं की मीही सरकते. ते दगडावरच्या एका टवक्याची खूण कागदावर उतरवतात, दगड फिरवतात, भिंगातून पाहतात, मग पुढचा. वाडग्याच्या काठाचं खापर हातात घेऊन एकदा म्हणाले, "ह्या कुंभाराले घाई नव्हती." आतून काळं, बाहेरून तांबडं, आणि काठ कुठंही जाड-बारीक नाही. मला वाटलं, ते कुंभाराला आपल्या बरोबरीचा माणूस समजून बोलत आहेत.

प्रेरणा, लग्न होऊन आले तेव्हापासून मी त्यांना चित्रं काढताना पाहते आहे. पोस्टर, रांगोळी, गणपतीची मखरं, लग्नाच्या भिंती. बोलता बोलता त्यांचा हात चालायचा आणि चित्र होऊन जायचं. त्यात मला कधी काही विशेष वाटलं नाही. या तीन महिन्यांत मला वाटलं, मी या माणसाला चित्र काढताना आत्ता पहिल्यांदा पाहते आहे. त्यांचं मला कौतुक वाटतं, हे मी त्यांना सांगितलेलं नाही. आमच्या वयात तसं बोलायची सवय राहत नाही. म्हणून तुला सांगते.

आज सकाळी मी विचारलं, आता तरी तिला लिहू का? ते म्हणाले, "आधी चित्रं पाहू दे तिले. मंग सांग." म्हणून हे पाकीट वेगळं बंद केलं. त्यांना काय हवं आहे ते मला कळलं आहे, तुलाही कळेल. फोन करून सगळीच छान आहेत असं म्हणू नकोस. त्यांना ते लगेच समजेल, आणि मग ते पेन्सिल परत हातात घेणार नाहीत, याची मला खात्री आहे. चालत नसतील तर चालत नाहीत म्हण. ते सोसतील. मीही सोसेन.

तब्येतीला जप.

आरसा धरून बसणारी,
तुझी आई


पुणे,
२६ जानेवारी २०२५

ती. बाबा,

काल फोनवर तुम्ही माझं नाव घेतलंत आणि मी फोन ठेवून दिला. म्हणून लिहिते. लपवलंत याचा राग आहे. तो घरी येऊन काढीन, आईचाही त्यात वाटा आहे.

पाकिटावरची सूचना मी पाळली. चित्रं टेबलावर पसरली, भिंग घेतलं, आणि कोणाच्याही चित्रांवर करते तशा कडेला पेन्सिलनं खुणा केल्या. त्यानंतर आईचं पत्र उघडलं. वाचून झाल्यावर पहिल्यांदा काय केलं सांगू? खोडरबर घेतलं आणि माझ्या सगळ्या खुणा पुसायला निघाले. एका चित्रावर टेकवलंही होतं. मग ठेवून दिलं. शाळेत तुम्ही माझ्या चित्रावर इतर मुलींसारखीच लाल रेघ ओढायचात. आता मी कुठल्या तोंडानं पुसणार?

तर दोन चित्रं सोबत परत पाठवते आहे. वाडग्याच्या काठाचा कल तुम्ही जास्त बाहेर दाखवला आहे, खापर पुन्हा उभं करून मोजा. दुसऱ्यात, तासायच्या हत्याराच्या मागच्या बाजूच्या एका लहान टवक्याची खूण राहून गेली आहे, आणि खाली मोजपट्टी नाही. बाकीची सगळी मी घेतली. ती प्रबंधात जशीच्या तशी जातील. पुण्यातल्या चित्रकाराला आता गरज नाही असं मी कळवलं आहे.

सावलीच्या उलट्या रेघा तशाच राहू द्या. आणखी एक सांगायचं होतं. उन्हाळ्यात तुमची रेघ दगडाच्या पुढं धावायची. तुम्हाला सगळं येत होतं म्हणून. ही रेघ दगडासाठी थांबते. मी इथं अनेकांची चित्रं पाहते, अशी रेघ मला फारशी दिसलेली नाही. हे मी आईचं पत्र वाचायच्या आधी कडेला लिहिलं होतं, परत पाठवलेल्या वाडग्याच्या चित्रावरच आहे, पाहा.

त्या मधाच्या रंगाच्या दगडाबद्दल. एका दगडावरून करणारा डावखुरा होता असं मला लिहिता येणार नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे. नोंदीत एवढंच लिहिते आहे: 'तिघांनी धरून पाहिला. डाव्या हातात नीट बसतो.' शंकरसिंगकाकांना सांगा, खुंटी काढू नका, जागा मी येऊन मोजते. आणि हंसाकाकूंना सांगा, त्यांचं नाव नोंदीत येणार आहे, पण घासायचं नाही.

चित्रांखाली चित्रकाराच्या नावाची जागा तुम्ही रिकामी ठेवली आहे. बहुतेक माझ्या निकालाची वाट पाहत असाल. ती मी भरणार नाही. गुरुवारी, ६ फेब्रुवारीला सकाळी मी घरी पोचते. तोवर ती दोन चित्रं पुरी करून ठेवा. नाव तुम्ही माझ्यासमोर लिहायचं, आणि मी तिथं बसून ते पाहणार आहे.

तुमच्या हाताखाली शिकलेली,
प्रेरणा