साबणाच्या डबीतला कान

३ फेब्रुवारी, मंगळवार

सोळा दिवस. १९ तारखेला आईचं स्वरयंत्र काढणार. डॉक्टर हे सांगत होते तेव्हा मी त्यांचं पेन उघडत-मिटत बसले होते. आई म्हणाली, "बबे, ते पेन दे त्यांचं." त्या फाटक्या, अर्ध्या वाऱ्याच्या आवाजात!

घरी येईपर्यंत एकच विचार. बाबांनी तिचा आवाज अकरा वर्षांत ऐकलेला नाही. एकतीस वर्षं मागाच्या कारखान्यात त्या खडखडाटात उभे राहिले, तिथेच कान गेले. आई शेजारच्याच मागावर असायची. तिचे कसे राहिले कोण जाणे. आता तिचा आवाज जायच्या आत त्यांनी तो एकदा, फक्त एकदा ऐकायला हवा.

तयार यंत्र आमच्या आवाक्याबाहेरचं. पण मी वीस वर्षं लोकांचे रेडिओ आणि मिक्सर उघडते आहे. कानाचं यंत्र म्हणजे तरी काय? एक माईक, आवाज वाढवणारी एक चिप, इअरफोन, बॅटरी. करीन!

५ फेब्रुवारी

सगळं साबणाच्या डबीत बसलं. प्रवासातली निळी डबी, बाबांच्या शर्टाच्या खिशात बरोबर मावते. चालू केली तर अशी शिट्टी घातली की आईनं कानांवर हात ठेवले. बाबा शांतपणे म्हणाले, "चालू केलंस का?"

मला हसू आलं. मग मोरीत जाऊन रडले.

८ फेब्रुवारी, रविवार

नुसता आवाज वाढवून भागत नाही. कोणता सूर कानातून किती गेलाय ते कळलं, तर तेवढाच उचलता येतो. कंडेन्सर बदलायचे, झालं. ज्याचा कान, त्याच्या मापाचं यंत्र — शिंप्यासारखंच काम आहे हे.

म्हणून आज माप घेतलं. बाबांना समोर बसवलं, गुडघ्याला गुडघा लावून. सूर काढणाऱ्या पेटीचं बटण मी दाबणार, इअरफोनमध्ये सूर वाजणार, ऐकू आला की त्यांनी बोट वर करायचं. जाडा सूर — बोट वर. बारीक — बोट वर. अगदी सुईसारखा — तरी बोट वर! मला वाटलं होतं तेवढे कान गेलेलेच नाहीत!

कागदावर आलेख काढून आईला दाखवला. ती कागदाकडे कमी आणि बाबांकडेच जास्त बघत होती. "छान," म्हणाली.

१२ फेब्रुवारी

दुकानात मालक करवादले. "तीन मिक्सर पडलेत आणि तू साबणाच्या डब्या काय भरत बसलीस?" सांगितलं कशासाठी ते. थोड्या वेळानं एका जुन्या रेडिओतले चांगले कंडेन्सर काढून माझ्यापुढे ठेवले. "आवाज फार वाढवू नकोस हं. कान दुखतील म्हाताऱ्याचे."

आलेखही तेच सांगतो. आवाज आवरता ठेवला.

१५ फेब्रुवारी, रविवार

बाबा दिवसभर डबी खिशात घालून. कसं वाटतं? "झकास!" माझ्याकडे बघून असे हसले!

आईचा आवाज दुपारनंतर निम्मा होतो. बोलायला निघते आणि मधेच हात हलवून सोडून देते. तिला सांगितलं, जपून वापर, बाबांसाठी ठेव. म्हणाली, "ठेवलाय गं."

१८ फेब्रुवारी, बुधवार

आज.

नवी बॅटरी घातली. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता — कोणी सांगितलं होतं? इअरफोन नीट बसवला, बटण फिरवलं आणि दोघांना खोलीत सोडून दार ओढून घेतलं. ते त्यांचं होतं. मी कशाला ऐकू?

बाहेर बसून जुन्या बॅटऱ्या मीटरवर तपासत होते. हातांना काहीतरी हवंच होतं. दहा मिनिटांनी आईनं हाक मारली, "बबे!" एक आकडा बघायचा राहिला होता, तो बघत बसले. दुसरी हाक आली, "बबे, ये गं आत!" तेव्हा उठले.

बाबांचे डोळे लाल. "ऐकलं," म्हणाले. "सगळं ऐकलं." आई त्यांचा हात धरून बसलेली. काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही.

झालं! जमलं मला! आता उद्या काय व्हायचं ते होऊ दे.

१९ फेब्रुवारी

सकाळी आई एक अक्षर बोलली नाही. स्ट्रेचरवरून माझा हात दाबला आणि गेली. सहा तास. ठीक आहे, म्हणतात.

२२ फेब्रुवारी, रविवार

घशाला भोक. त्यातून श्वास. मी पाटी आणि खडू नेला. तिनं लिहिलं — "उशी".

१ मार्च, रविवार

माझे हात मोडले असते तर बरं झालं असतं.

आई उद्या घरी येणार. म्हटलं, तोवर बाबांची डबी आणखी सुधारू. पुन्हा माप घ्यायला बसलो. तसेच, गुडघ्याला गुडघा. पहिला सूर — बोट वर. दुसरा — बोट वर. तिसऱ्याला माझं लक्ष टेबलाकडे गेलं. बॅटरी तिथे पडली होती. घालायचीच राहिली होती. पेटी बंद होती आणि बाबा बोट वर करत होते!

मी बॅटरी उचलून त्यांच्यापुढे धरली. त्यांनी ती माझ्या हातातून घेऊन टेबलावर ठेवली.

"तू दाबतेस ना, तेव्हा तुझा उजवा खांदा हलतो," म्हणाले. "खांदा हलला की मी बोट वर करायचो. तुझा चेहरा असा फुलायचा! मला तुझं मन मोडवेना."

एकतीस वर्षं मागावर काढलेला माणूस. तिथे आवाज कोणाच्या उपयोगाचा? खांदे, हात, ओठ — सगळं बघूनच ओळखायचं. आणि मी शहाणी त्यांच्या समोर बसून माप घेतलं! त्यांच्याकडे पाठ करून बसले असते तरी पुरलं असतं. खोट्या आलेखावर यंत्र बेतलं आणि वर आवाजही आवरता ठेवला, कान दुखू नयेत म्हणून! "मग १८ तारखेला?" मी लिहून विचारलं.

"काही नाही ऐकू आलं गं," म्हणाले.

४ मार्च

कपाटाचं दार मधे घेऊन खरं माप काढलं. आलेख जवळजवळ तळालाच आहे. दोन मोठे कंडेन्सर बदलले, दुसरी चिप घातली. आता खरंच ऐकू येतं. नळाखाली भांडं ठेवलं तर दचकून वळले.

चौदा दिवस आधी का नाही? का नाही!

८ मार्च, रविवार

माझ्या फोनमध्ये आईचा एकच निरोप सापडला, जानेवारीतला. "येताना मीठ आण गं, संपलंय." बाबांच्या डबीजवळ धरून लावला. त्यांनी मान तिरकी करून ऐकला. पुन्हा लावायला सांगितला.

"कोण बाई ही?"

मी आईकडे बोट दाखवलं. ती पलंगावर बसून दूध पीत होती. बाबा आधी तिच्याकडे, मग फोनकडे बघत राहिले. "तिचा? एवढा फाटला होता?" मग इअरफोन काढून टेबलावर ठेवला आणि जाऊन तिच्याजवळ बसले.

११ मार्च

दोघं दिवसभर बोलत असतात. खरंच! आई नुसते ओठ हलवते आणि बाबा उत्तर देतात. आज कशावरून तरी एवढे हसले की तिला खोकला आला, नळी साफ करावी लागली. मी विचारलं काय झालं, तर बाबा म्हणाले, "तुला नाही कळायचं, मागावरची गोष्ट आहे." मला ओठ वाचता येत नाहीत. माझ्यासाठी पाटी. या घरात बहिरी आता मीच.

तरी ते १८ तारखेचं सलतंच. तिचं शेवटचं बोलणं मी वाया घालवलं. ती खऱ्या आवाजात बोलली, आणि माझ्या त्या दळभद्री डबीनं ते पोचवलंच नाही. उद्या सांगून टाकीन. माफी मागीन.

१२ मार्च, गुरुवार

सांगितलं. आईनं पाटी ओढून घेतली. दोनदा पुसून लिहिलं.

"त्यांना ऐकू येत नाही हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. पाठीमागून हाक मारली की वळायचे नाहीत. त्या दिवशी मी आवाज काढलाच नाही. त्यांना ओठ पुरतात. उरलेला आवाज तुला हाक मारायला ठेवला होता."

आणि पहिल्या हाकेला मी ओ दिली नाही.