कुंडीतले बदाम

आबा,

तुमची थंडाई घोटायची दगडी कुंडी आता माझ्याकडे आहे. आईनं ब्रिस्टलचं घर सोडून माझ्याकडे मिल्टन कीन्सला यायचं ठरवलं तेव्हा बाकीचं सामान व्हॅनमधून आलं, पण कुंडी तिनं अडीच तास मांडीवर धरून आणली. किचनच्या काउंटरवर ठेवताना एवढंच म्हणाली, "आता तरी त्यांना सांगून टाक." काय सांगायचं ते मी विचारलं नाही, कारण आम्हा दोघांनाही ते माहीत आहे. तुम्हाला जाऊन सतरा वर्षं झाली. इतक्या वर्षांत मी मराठीत पत्र लिहिलेलं नाही, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर चालवून घ्या. तुम्हीच शिकवलेलं आहे, दर रविवारी कुस्तीच्या क्लबातून आल्यावर, माझी बोटं दुखत असतानाच.

आधी क्लबच आठवतो. मी नऊ वर्षांचा आहे, कौन्सिलच्या क्रीडा केंद्राच्या मागच्या हॉलमध्ये निळी मॅट पसरलेली आहे, आणि तुम्ही फॅक्टरीच्या कपड्यांतच वाकून मॅटला हात लावून तो कपाळाला लावता. कोचला वाटलं तुमचं काही पडलं, तोही खाली वाकून शोधायला लागला. ग्लासगोचा तो माणूस, त्याचं इंग्रजी तुम्हाला कळत नव्हतं आणि तुमचं त्याला, पण पकडीबद्दल तुमचं दोघांचं पहिल्या दिवसापासून जमलं. जमलं नाही ते तुमचं आणि फ्रीस्टाइलच्या नियमांचं. कोल्हापूरच्या तालमीत खांदा निखळेपर्यंत मातीत लढलेला माणूस तुम्ही. पाठ लागली की कुस्ती संपली, हे गुण कसले मोजत बसतात, म्हणायचात. आणि फेरी शून्य-शून्य सुटली की पंच पिशवीतून रंगीत चेंडू काढतो, ज्याचा रंग निघेल त्याला दुसऱ्याचा पाय धरून सुरुवात करायला मिळते, हे पहिल्यांदा बघितलंत तेव्हा तर उठून हॉलबाहेर जाऊन उभे राहिलात. विमानाच्या इंजिनाचे भाग घासताना केसभराचा फरक चालू न देणारे तुम्ही, तुम्हाला नशिबाची कुस्ती पटणार तरी कशी?

पण मला खाऊ घालण्यात तुम्ही कुणाचा नियम मानला नाहीत. पावणेसहाला तुम्ही शिफ्टला निघायचात, त्याआधी खाली किचनमध्ये कुंडीत दंडा फिरल्याचा आवाज यायचा. भिजवलेले बदाम, खसखस, बडीशेप, वेलदोडा, वरून दूध. स्टीलचा उंच पेला भरून, वर ताटली झाकून तुम्ही सिंकशेजारी ठेवायचात आणि जायचात. तालमीत थंडाई धाकट्यानं घोटायची आणि थोरल्यानं प्यायची असते, हे तुम्हीच मला सांगितलं होतं. वस्तादासाठी तुम्ही सात वर्षं घोटलीत. आमच्या घरात मात्र बाप घोटायचा आणि पोरगा प्यायचा, हे उलटं चाललं होतं आणि मला त्याचं काहीच वाटत नव्हतं.

मी अठराचा झालो आणि अमेरिकेतल्या एका कॉलेजच्या कोचची ईमेल आली. त्यांच्याकडे कुस्तीसाठी शिष्यवृत्ती होती, टीम होती, हजारो लोक बघायला येत होते. आमच्या हॉलमध्ये बघायला येणारे तुम्ही आणि बॅडमिंटनच्या वेळेची वाट बघणारे चार म्हातारे. तो कोच मँचेस्टरजवळच्या स्पर्धेला येणार होता, पण त्याला साठ किलोचा मुलगा हवा होता. माझं वजन सदुसष्ट होतं. तुम्हाला मी रीतसर विचारलं, हे मला आठवतं.

"आबा, सिक्स्टीमध्ये खेळलो तरच तो मला बघणार आहे. टेन वीक्स आहेत. वेट कट करतो."

"ते तुझं अंगचं वजन न्हाई," तुम्ही म्हणालात. "पैलवान खाऊन लढतो रं, उपाशी न्हाई. सहासष्टाच्या गटात लढ. बघायचं तर बघंल, न्हाई तर जाईल."

मी बरं म्हणालो आणि दुसऱ्या दिवसापासून थंडाई सिंकमध्ये ओतायला लागलो. तुमची गाडी वळणावरून गेली की पेला उपडा करायचा, वर गरम पाणी सोडायचं. दहा आठवडे मी हे केलं. दुपारी उकडलेल्या भाज्या, संध्याकाळी प्लास्टिकचा स्वेटसूट घालून पळणं. माझे गाल आत गेले तेव्हा तुम्ही बदाम वाढवलेत. विसाचे तीस केलेत, मग चाळीस. पोरगं सुकत का चाललंय, म्हणून डॉक्टरकडे चल म्हणालात. मी जितका वाळत होतो तितके तुम्ही जास्त घोटत होतात, आणि मला ते बघून तुमचाच राग यायचा. आज हे लिहितानाही लाज वाटते.

स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात सिंक तुंबला. शनिवार होता. तुम्ही खाली आडवे पडून पाइप उघडलात, मी बादली धरली. आतून पांढरा, आंबट वासाचा लगदा बाहेर आला. तुम्ही तो बोटांत घेऊन चोळलात, जसं फॅक्टरीत वंगण चोळून बघत असाल, आणि माझ्याकडे बघण्याआधीच आई दारातून म्हणाली, "अहो, माझ्याच हातून झालं. नासलेलं दूध, वाटणाचं पाणी, सगळं मीच त्यात ओतते." तुम्ही उठलात. तिला तुम्ही कधी आवाज चढवून बोलला नव्हता, त्या दिवशी बोललात. अन्नाची किंमत नाही, इथे येऊन माजलो आपण, तुझ्या बापाच्या घरी असं चालायचं का, असं सगळं. ती मान खाली घालून ऐकत राहिली. मी बादली धरून उभा होतो. एक शब्द बोललो नाही, आबा. बोललो असतो तर मला थंडाई प्यावी लागली असती आणि अमेरिका गेली असती, इतका साधा हिशेब होता माझा.

अमेरिका तशीही गेली. सकाळी वजन एकोणसाठ आठशे भरलं, दोन तासांनी मॅटवर उभा राहिलो तर पोटऱ्यांत गोळे. पहिली फेरी शून्य-शून्य सुटली. पंचानं पिशवीत हात घातला आणि चेंडू निळा निघाला, मी लाल होतो. समोरच्यानं माझा पाय धरला आणि शिट्टी वाजल्यावर तीन सेकंदांत मी खाली होतो. दुसऱ्या फेरीत तर पायच उचलेनात. अमेरिकन कोचनं वही मिटली आणि शेजारच्या मॅटकडे वळला. तुम्ही स्टँडमधून माझ्यासाठी केळं घेऊन आलात. साठमध्ये का लढलास, हे तुम्ही विचारलंच नाहीत. मी वाळलो होतो, म्हणून आमच्या कोचनं साठात उतरवलं, असं तुम्ही धरून चालला होतात.

परतताना एम-फाइव्ह हायवेवर तुम्ही गाडी चालवत होतात. मग समोर बघतच विचारलंत, "बदाम कमी पडले काय रं?"

मी म्हणालो, "थोडे."

या एका शब्दासाठी हे पत्र आहे. खरं सांगायला तीच वेळ होती, गाडीत दुसरं कुणी नव्हतं. पुढच्या सोमवारपासून तुम्ही पन्नास बदाम घोटायला लागलात, आणि मी ते प्यायलो, कारण आता वजन उतरवायचं कारण उरलं नव्हतं. सहासष्टात उतरलो, त्या वर्षी तीन स्पर्धा जिंकलो, देशपातळीवर ब्राँझ आलं. मंडळाच्या गणपतीत तुम्ही ते पदक सगळ्यांना दाखवत सांगत होतात, चूक माझीच होती, पोराला मी कमी खाऊ घालत होतो. लोक हसत होते, तुम्हीही हसत होतात. आई किचनमध्ये निघून गेली. पुढच्याच वर्षी तुम्ही फॅक्टरीत छातीला हात लावून खाली बसलात ते उठला नाहीत. मी त्यानंतर दोन वर्षं लढलो आणि सोडून दिलं. गुडघा गेला, असं सगळ्यांना सांगतो. गुडघा अजून चांगला आहे.

काल मी कुंडीत वीस बदाम घोटले. मनगट भरून आलं. तुम्ही चाळीस आणि पन्नास कसे घोटत होतात, तेही आठ तास उभं राहायला जायच्या आधी, मला कळत नाही. पेला भरून आईला दिला. ती प्यायली आणि म्हणाली, बडीशेप जास्त झाली.

हे पत्र मी घडी घालून कुंडीखाली ठेवणार आहे, दुसरीकडे कुठे पाठवायचं ते माहीत नाही. आणखी एकच गोष्ट आहे, ती आईलाही ठाऊक नाही. त्या दहा आठवड्यांत थंडाई ओतून झाली की मी नळ लगेच सोडत नसे. भूक इतकी लागलेली असायची की पेल्याच्या तळाशी चिकटलेला बदामाचा चोथा मी बोटानं निपटून खायचो, रोज, सिंकशी उभा राहून, आणि मग पेला धुवायचो.