माशीच्या जागी माशी

तात्या, आज रविवार, १४ ऑगस्ट १९८८. दुपारचे सव्वातीन वाजले आहेत. आतापर्यंत मी तुमच्या कादंबरीच्या छापील प्रतीत, पान अठ्ठ्याऐंशीवर, 'गं' या अक्षरावर रेघ मारून वर शिसपेनने 'गो' लिहीत होतो. रेघ पट्टीने मारली आहे. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "पंतोजी, खोडतानासुद्धा पट्टी?" गेले तीन महिने दर रविवारी मी हेच काम करतो आहे. ते का करावं लागतंय हे तुम्हाला कधीच कळलं नाही, कारण ते कळू नये अशी व्यवस्था मीच केली होती.

तुम्ही मला कचेरीच्या दारात भेटलात तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो. नववीत शाळा सुटलेली, अर्ज लिहिणाऱ्या एका गृहस्थांच्या शेजारी बसून नकला करून देत होतो. तुम्ही जमिनीच्या कसल्याशा उताऱ्यासाठी आला होतात. माझा कागद डोळ्यांना जवळजवळ चिकटवून वाचलात आणि विचारलंत, "डोकं चालवतोस की नुसता हात?" मी घाबरून म्हणालो, "नुसता हात." "मग तूच हवास. मक्षिकास्थाने मक्षिका." मला ते कळलं नाही हे ओळखून तुम्ही गोष्ट सांगितलीत. नकला करणाऱ्या एकाला मूळ पोथीच्या पानावर मेलेली माशी चिकटलेली दिसली, तेव्हा त्याने एक माशी मारून आपल्या प्रतीत नेमकी त्याच जागी चिकटवली. लोक त्याला मूर्ख म्हणतात. "मला तो मूर्खच हवा," तुम्ही म्हणालात. "मी चुकलो असेन तर माझी चूकसुद्धा उतरव."

तुमच्या घरात माशी या शब्दाला दोन अर्थ होते हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. पडवीत तुम्ही पाय पसरून बसला आहात, दाताखाली दोरा, मांडीवर कोंबड्याची पिसं, आणि बोटांत एक एवढासा गळ. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, तो पिकल्याशिवाय डॉक्टर हात लावणार नाहीत. पण गळावर पिसाची माशी बांधायला तुम्हाला डोळे लागत नाहीत. तुमचे वडील टांगा हाकायचे. त्यांच्या टांग्यातून नदीवर जाणाऱ्या कुणा साहेबाकडून लहानपणी तुम्ही ही कला उचललीत. गांडूळ नको, पीठ नको. घोडीच्या शेपटीचे केस वळून केलेली दोरी, तिच्या टोकाला ही खोटी माशी, आणि ती काजळी नदीच्या वरच्या डोहावर अशी टाकायची की खडसासारखा शहाणा मासाही फसावा. शेजारचे वाटेत अडवून विचारायचे, "काय तात्यानूं, माश्या मारायला चाल्लाव काय?" तुम्ही म्हणायचात, "मारायला तुमी हायव की. मी बांधतंय." शहरात रिक्षा आल्या, टांगे मोडीत निघाले, तरी वडिलांच्या घोडीची ती नात, तांबडी म्हातारी घोडी, तुम्ही ठेवली होती. तिला ओढायला काही नव्हतं. दोरीसाठी केस देणं एवढंच तिचं काम.

कादंबरी तुमच्या वडिलांवर होती. अकरा वर्षं लिहीत होतात. शेवटची पानं तर एकेका ओळीत चार-चार शब्द, इतक्या मोठ्या अक्षरात. मी एक पान उतरवलं की मूळ पान बंबात जायचं. "पाणी तरी तापेल," तुम्ही म्हणायचात. पहिली चाळीस पानं मी प्रामाणिकपणे उतरवली. मग तुमचे बा बोलायला लागले. तुम्ही लिहिलं होतं, 'चल गो बाय, अजून येक चढ हाय, मंग पानी देतंय तुला.' माझा हात थांबला. तात्या, शाळेत मी एकदा 'पानी' वाचलं होतं. मास्तरांनी मला फळ्यावर 'पाणी' हा शब्द फळा भरेपर्यंत लिहायला लावला आणि वर्ग हसत राहिला. आमच्या घरी सगळे पानीच पीत होते. त्या दिवसापासून मी शब्द चाचपून मगच बोलतो. माझ्याजवळ जे काही आहे ते एवढंच, की माझं शुद्धलेखन चुकत नाही. आता हे पुस्तक पुण्याला जाणार, तिथे शिकलेले लोक ते वाचणार आणि तुमच्या बाला हसणार, असं मला वाटलं. मी लिहिलं, 'चल गं बाई, अजून एक चढ आहे, मग पाणी देतो तुला.' कागद फार स्वच्छ दिसला. मूळ पान मी नेहमीप्रमाणे बंबात घातलं. तुमच्यासाठी केलं, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. ते खरं नाही. खाली माझं अक्षर होतं, आणि माझ्या अक्षरात 'पानी' दिसायला मला नको होतं.

ही एक गोष्ट झाली. हिच्याहून मोठी दुसरी आहे. प्रत पुरी झाल्यावर तुम्ही म्हणालात, "आता वाचून दाखव सगळं. मला ऐकायचंय." चार दुपारी मी पडवीत वाचत बसलो. डोळ्यांसमोर 'गं' होतं आणि मी तोंडाने 'गो' म्हणत होतो. समोर 'पाणी', तोंडात 'पानी'. नुकतंच उतरवलेलं असल्यामुळे मला सगळं पाठ होतं. एकदाही अडखळलो नाही. घाटात घोडी पडते आणि बा तिचं डोकं मांडीवर घेऊन तिला एकच शब्द म्हणतात, तिथे मी आलो, तो शब्द म्हटला, आणि तुमच्या डोळ्यांतून पाणी आलं. आत तुमच्या मालकीणबाई, काकी, ताक घुसळत होत्या, त्यांची रवी थांबली. तुम्ही उपरण्याने डोळे पुसलेत. मग म्हणालात, "बरोब्बर. अगदी माझा बा बोलला." मी मान खाली घालून पान उलटलं.

पुस्तक छापून आलं तेव्हा मी घोडीला खरारा करत होतो. ते काकी वाचणार, मी नाही, असं तुम्ही ठरवलंत, मालकीणबाईंचा मान. काकी सातवी शिकलेल्या, एकेक शब्द बोटाने धरून वाचायच्या. 'चल... गं... बाई.' तुम्ही म्हणालात, "नीट वाच." "नीटच वाचत्ये. असंच लिवलान हाय." "गो असेल." "गं हाय. मला काय गो वाचता येत नाय?" पुढची दोन पानं तुम्ही ऐकून घेतलीत. मग हात वर केलात. तुम्ही चिडाल असं मला वाटलं होतं, पण तुम्ही एवढंच म्हणालात, "ह्यो कोण मानूस बोलतोय? ह्यो माजा बा नाय." शेजाऱ्यांशी थट्टा सोडली तर तुम्हाला गावचं बोलताना मी तेव्हा पहिल्यांदाच ऐकलं.

आणि मग तुम्ही मलाच हाक मारलीत. कागद घ्यायला सांगितलंत. पुण्याच्या प्रकाशकाला पत्र. "लिही. तुमच्या छापखान्यातल्या त्या शुद्धलेखनवाल्याला विचारा, माझ्या बाला शाळेत घालणारा तो कोण?" मी लिहिलं. 'शुद्धलेखनवाल्याला' हा शब्द ऱ्हस्वदीर्घासकट अचूक लिहिला. तुम्ही तिकिटांना पैसे दिलेत, मी तिकिटं आणून लावली, उरलेली चिल्लर तुमच्या हातावर मोजून ठेवली. जाताना तुम्ही मला थांबवून एक माशी दिलीत, तांबड्या पिसाची, तुम्ही बांधलेल्यांतली सगळ्यांत बारीक. "हे तुला. त्या पुण्यातल्या शहाण्यापेक्षा माझा मूर्ख बरा." पत्र मी टाकलं नाही. टाकलं असतं तर त्यांनी मुद्रणप्रत परत पाठवली असती, आणि ती माझ्या अक्षरात होती.

त्यानंतर रोज दुपारी, पोस्टमन वरच्या अंगाला गेला की, तुम्ही विचारता, "पुण्याहून काही?" मी म्हणतो, "नाही, तात्या." पावसाळा असाच गेला. पुढची कादंबरी नदीवर लिहिणार होतात, तिचं पहिलं वाक्यही तुम्ही मला सांगितलं होतं. ते तुम्ही पुन्हा काढलं नाहीत. एकदा म्हणालात, "आपलं बोलणं त्यांना उत्तर देण्याच्याही लायकीचं वाटत नसेल." तेव्हा मी सांगू शकलो असतो. मी दौत भरत होतो, भरत राहिलो. मार्गशीर्षात तुम्ही गेलात. हे अक्षर तुम्ही लोकांना दाखवलं होतं, म्हणूनच मला छापखान्यात मुद्रितं तपासण्याची नोकरी मिळाली. आजही मी तिथेच आहे. लग्नपत्रिकांत माझ्या हातून एक वेलांटी सुटत नाही.

वैशाखात ट्रंक आवरताना ते पाकीट सापडलं, तिकिटांसकट. तेव्हापासून छापील प्रत घेऊन बसतो आणि तुमच्या बांचे शब्द त्यांना परत देतो. बहुतेक सगळे आठवतात. चोरी केलेली वस्तू माणूस विसरत नाही. फक्त पान एकशे एकोणीस अडलं आहे. घोडी पडते तिथे मी छापून आणलं आहे, 'शांत हो.' तिथला मूळ शब्द मला आठवत नाही. तो मला तेव्हाही कळला नव्हता. शब्दकोशात शोधला, मिळाला नाही, म्हणून मी तो चूक ठरवला. कदाचित तो कुठल्याच गावचा नसेल, बा आणि घोडी एवढ्या दोघांतलाच असेल. मी तो तुमच्यासमोर एकदाच मोठ्याने म्हटला, आणि ऐकणाऱ्या दोघांपैकी तुम्ही आता नाही.

काकी आहेत. थकल्या आहेत, माणसं विसरतात, पण जुनं सगळं लख्ख आठवतं. मी गेलो की म्हणतात, "ये रे पंतोजी, बस. चाय घेतोस ना? सुकलास रे." मी चहा घेतो. त्या विचारतात, "काय काम काढलंस?" मी म्हणतो, "काही नाही, सहज." शब्द विचारायचा तर का विचारतोस, हे सांगावं लागेल. मागच्या खेपेला त्यांनी मला दोनदा तुमच्या पुतण्याच्या नावाने हाक मारली.

उद्या सुट्टी आहे, छापखाना बंद. 'उद्या काकींकडे जाऊन विचारीन' असं वाक्य मी इथे लिहिलं होतं. ते पट्टीने खोडलं आहे, कारण मागच्या तिन्ही रविवारच्या पत्रांत मी तेच लिहिलं होतं. हे पत्रही त्या पाकिटाशेजारी ट्रंकेत जाईल.

बदललेले शब्द: एकशे चौसष्ट.
आजवर परत केलेले: एकशे एकोणसाठ.
अजून लिहायचे, पण आठवतात: चार.
देणं: एक.