चिमूटभर साखर

६ ऑगस्ट २०१६

अखेर घराबाहेर पडले! सिंगापूरला येऊन तीन महिने झाले. शिरीष वन-नॉर्थला ऑफिसात, गार्गी शाळेत आणि मी सेरंगूनच्या फ्लॅटमध्ये भिंतींशी गप्पा मारत. आता दर शनिवारी लांबच्या पायवाटेवर स्वयंसेवक म्हणून जायचं. वाटेवरच्या तंबूच्या जागा आम्ही राखतो. गवत कापायचं, अर्धवट जळलेला कोळसा उचलायचा, नळ गळतोय का बघायचं. आमच्या प्रमुख मिस लिम साठीच्या आहेत, पण चालताना मला घाम फोडतात.

शेवटच्या जागेवर टेबलावर इनॅमलचा फुलाफुलांचा डबा होता. आत नारळाच्या मऊ वड्या, अजून कोमट. मिस लिमनीच माझ्यासारख्या नव्या मुलीसाठी ठेवल्या असणार, म्हणून घरी आणल्या. गार्गी नारळाला तोंड लावत नाही, मग मी एकटीनेच फस्त केल्या.

१३ ऑगस्ट

जीभ जरा बधिर वाटते. सकाळी चहाने तोंड पोळलं, ते फोड आल्यावर कळलं.

डबा घासून बेसनाचे लाडू भरून नेला. कुणाचा डबा रिकामा परत द्यायचा नाही, निदान चिमूटभर साखर तरी घालायची, हे आता गार्गीलाही पाठ आहे. मिस लिम पुढे गेल्या होत्या, म्हणून टेबलावरच ठेवला. परतताना पाहिलं तर लाडू गायब, पुन्हा वड्या. कौतुक वाटलं बाईंचं. डबा घेऊन आले.

२० ऑगस्ट

वड्या छान होत्या म्हटल्यावर मिस लिमचा चेहरा उतरला. डबा त्यांचा नाहीच. आधीच्या एका बाईनेही असंच देणंघेणं सुरू केलं होतं म्हणे. ती बधिर होत गेली आणि एक दिवस त्या वाटेने गेली ती आलीच नाही. जो भरून देतो, त्याच्याकडे डबा परत येतो. सुटायचं तर रिकामा नेऊन ठेवायचा, आत कणसुद्धा नको.

माझी बोटंही बधिर झालीत. सुई टोचून पाहिली. मी घाबरले आहे, खूप.

२१ ऑगस्ट

शिरीष टूरवर, म्हणून गार्गीला सोबत नेलं. डबा तिनेच धरला होता, तिनेच टेबलावर ठेवला. सुटले एकदाची.

२४ ऑगस्ट

डबा दाराशी. मी उघडण्याआधीच गार्गी वड्या खात होती. नारळाच्या.

तिला खोदून विचारलं. म्हणाली, "आई, एम्टी कॅनॉट लाह! रिकामा द्यायचा नाही, तूच सांगतेस ना? मी साखर टाकली. थोडीशीच."

धपाटा घालायला हवा होता. जवळ तरी घ्यायला हवं होतं. नुसती बघत बसले.

२६ ऑगस्ट

गार्गी जिन्यात पडली. गुडघा फुटला. रडली नाही.

मलाही काही वाटलं नाही. शिरीषचे फोन येतात. उचलत नाही. डबा मी रिकामा नेते म्हटलं, तर गार्गी सोडत नाही —

२७ ऑगस्ट

गार्गी बूट घालून दारात. डबा घासून हातात घेतलाय, रिकामा. आज आत काय घालणार, विचारलं.

काही नको म्हणाली. या वेळी साखरेऐवजी ती स्वतःच —

लिफ्ट आली. तिला थांब म्हणायचंय. ओरडून. इथे लिहिते आहे, पण तोंडाने —

दार बंद होतंय. तिला थां